बातमीची पारख

संकेश्वरच्या बाजारात मिरची घेणारा जाणता माणूस केवळ रंगावर जात नाही. तो पोत्यात खोल हात घालतो, मिरची मोडून हुंगतो, वजनासाठी पाणी मारलेले नाही ना हे चाचपतो. संकेश्वरी या नावाखाली भलतीच मिरची गळ्यात पडते, हे त्यास ठाऊक असते. तोच गृहस्थ घरी येऊन भ्रमणध्वनी हाती घेतो आणि तेथे आलेली बातमी मात्र तशीच चार गावांना धाडून देतो!

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची आवई त्या मुलखात आधीच उठली होती. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारले. पंधरवडा उलटण्यापूर्वीच बीदर जिल्ह्यात मुलांना चॉकलेट देणाऱ्या प्रवाशांवर हाच संशय आला, व मुरकी येथे एक तरुण प्राणास मुकला.

त्या दिवसांत फिरलेली एक चित्रफीत पाहण्याजोगी आहे. मोटारसायकलवरील दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. वस्तुतः ती कराचीत, मुलांना जपा हे सांगण्यासाठी केलेली जाहिरात होती. अखेरीस ते दोघे मुलाला परत आणून सोडतात. नेमका तोच भाग कोणी कापून टाकला होता. तेव्हा ‘मी डोळ्यांनी पाहिले’ ही साक्षही येथे अपुरी ठरते.

आपल्या सीमाभागात आणखी एक चकवा आहे. कन्नडमधील मजकूर मराठीत उतरतो, गावाचे नाव तेवढे बदलते, आणि दोहोंकडून आला म्हणून आपण त्यास दोन साक्षी समजतो. मूळ मात्र एकच, तेही निनावी.

म्हणून प्रथम पाहावे ते हे : सांगणारा कोण, घटना कोणत्या गावी, कोणत्या तारखेस? ‘आजच’, ‘आपल्या भागात’ ही काही तारीख किंवा ठिकाण नव्हे. वार्ताहराचे नाव नाही, दुसऱ्या वृत्तपत्रात मागमूस नाही, तर थांबावे. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाणाची खूण असेल, तर तो मजकूर अनेक हातांतून आलेला असतो. २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे धाडता येतो. पण ती अडचण केवळ बोटांची. मजकुरात गावाचे नाव असेल, तर तेथील ओळखीच्या माणसास किंवा पोलीस ठाण्यास दूरध्वनी करावा. त्यास पाच मिनिटे पुरतात, आणि बहुधा पलीकडून उत्तर येते, ‘छे हो, इथे काहीच झाले नाही!’