दूध डेअरीला, मग घरात किती?

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले आणि आमच्या गटातल्या एका मावशींनी पिशवीतून रक्ताचा रिपोर्ट काढला. पायाला मुंग्या येतात म्हणून तपासणी केलेली. त्यात बी-१२ कमी आणि होमोसिस्टीन जास्त. कुणीतरी सांगितलं, व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्या, रक्तवाहिन्या साफ होतात. मावशींनी बीपीची गोळी बंद करून त्याच सुरू केल्या! आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. बीपी चांगलंच चढलेलं.

डॉक्टर मॅडमनी समजावलं ते असं. अन्नातल्या प्रथिनांमधून मिथिओनिन मिळतं. त्यातला मिथाइल नावाचा भाग वापरून शरीर डीएनएवर खुणा करतं. कुठला जीन चालू राहील, कुठला गप्प बसेल, हे त्या खुणांवरही ठरतं. मिथाइल देऊन झालं की मागे राहतं होमोसिस्टीन. डेअरीवरून रिकामी आलेली किटलीच म्हणा ना. ती पुन्हा भरायला फोलेट आणि बी-१२ दोन्ही लागतात. नाही मिळाले तर होमोसिस्टीन रक्तात साठतं. ते जास्त असलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघात जास्त आढळतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यातले आणि शहरातले ४४१ पुरुष तपासले. २००६ साली छापून आलं, की ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त. पुरुषच का, असं आमच्या बायकांनी विचारलंच! तर पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांच्या त्यांच्या अभ्यासातही निम्म्याहून जास्त जणींत बी-१२ कमीच होतं.

कमतरता भरून काढायलाच हवी, नाहीतर नसा दुखावतात. पण व्हिटॅमिनने होमोसिस्टीन उतरवलं, तरी हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, असं मोठ्या चाचण्यांत दिसलं. म्हणून बीपीची गोळी स्वतःच्या मनाने सोडायची नाही. नुसतं फोलिक अॅसिड घेतलं तर बी-१२ची कमतरता झाकली जाते, हेही मॅडमनी बजावलं.

फोलेट पालेभाजीत, डाळीत असतं. बी-१२ भाजीत नाही; ते दूध, दही, अंडी, मासे, मटणात. आमच्या गटात बऱ्याच जणींकडे म्हशी आहेत. दूध डेअरीला, उरलेलं चहाला, सून पोटुशी असली तरी तिला पेला नाही. त्यावर बैठकीत भांडणच झालं. शेवटी ठरलं, घरातल्या प्रत्येक बाईसाठी पेलाभर दूध आधी काढायचं, मग डेअरीचं माप.

मावशींची बीपीची गोळी पुन्हा सुरू आहे, बी-१२ची इंजेक्शनंही. मुंग्या अजून पुरत्या गेल्या नाहीत.