परकी भांडवल आणि आपला कायदा



परकी भांडवल म्हटले, की कोणाच्या डोळ्यांपुढे ईस्ट इंडिया कंपनीची वखार उभी राहते, तर कोणाच्या डोळ्यांपुढे चाकणच्या माळावरचे मोटारींचे कारखाने. दोन्ही चित्रे खरी आहेत. परंतु एकाच चित्राकडे पाहून कायदा करता येत नाही. स्वतंत्र भारताने या बाबतीत कायदा कसकसा बदलला आणि त्यातून आपण नागरिकांनी काय ध्यानात घ्यावे, एवढ्यापुरताच आजचा विषय आम्ही मर्यादित ठेवणार आहोत.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. सावकाराचे कर्ज निराळे आणि भागीदाराचे भांडवल निराळे. पीक येवो वा न येवो, सावकाराचे व्याज चुकत नाही. भागीदार तोट्याचाही वाटेकरी असतो. परंतु तो धंद्यात हुकूमही चालवतो. थेट परकी गुंतवणूक ही या दुसऱ्या जातीची. म्हणून तिच्याविषयी प्रश्न नेहमी दोन असतात: पैसा किती येणार, आणि हुकूम कोणाचा चालणार?

६ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी या प्रश्नांवर सरकारचे धोरण जाहीर केले. देशी व परकी धंद्यांत भेदभाव होणार नाही, नफा मायदेशी नेण्यास वाव राहील आणि धंदा सरकारने ताब्यात घेतलाच तर योग्य मोबदला मिळेल, अशी तीन आश्वासने त्यांत होती. मालकी व ताबा सामान्यतः भारतीयांकडे असावा, पण देशहितासाठी अपवाद करता येईल, असेही त्यांत म्हटले होते. अपवाद लवकरच करावा लागला. तेलशुद्धीचे ज्ञान आपल्याजवळ पुरेसे नव्हते. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना परकी तेल कंपन्यांशी करार झाले आणि मुंबईत ट्रॉम्बे येथे १९५४ व १९५५ साली दोन कारखाने सुरू झाले. पुढे १९७४ ते १९७६ या काळात सरकारने ते आपल्याकडे घेतले. आजच्या हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम यांचे मूळ त्यांत आहे.

त्यानंतर वारे फिरले. परकी चलन नियमन कायदा १९७३ साली झाला आणि १ जानेवारी १९७४ पासून अमलात आला. त्याच्या २९ व्या कलमान्वये बहुतेक परकी कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणणे भाग पडले. कोका-कोलाने १९७७ साली आणि आयबीएमने १९७८ साली देश सोडला. पुष्कळ कंपन्या मात्र राहिल्या; त्यांनी भाग विक्रीस काढले आणि आपल्याकडील मध्यमवर्गीयांनी ते घेतले. या कायद्याने स्वाभिमान राखला, हे खरे. पण चलनाचा साधा नियमभंगही त्याने फौजदारी गुन्हा ठरवला आणि नवे तंत्रज्ञान येण्याची वाट अरुंद केली, हेही तितकेच खरे.

१९९१ साली तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकी चलन उरले. देशाला सोने गहाण टाकावे लागले. त्याच वर्षी २४ जुलैच्या औद्योगिक धोरणाने ३४ उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंत परकी हिश्श्याला आपोआप संमती दिली. १९९९ साली परकी चलन व्यवस्थापन कायदा झाला आणि १ जून २००० पासून तो लागू झाला. ‘नियमन’ जाऊन ‘व्यवस्थापन’ आले. हा केवळ शब्दांचा पालट नव्हे: नियमभंग आता मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा ठरला आणि तुरुंगाऐवजी गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आला.

तर मग दार उघडणे चांगले की लावून घेणे? आम्हांला हा प्रश्नच अपुरा वाटतो. दाभोळचे उदाहरण घ्या. वीजनिर्मिती परकी भांडवलाला मोकळी झाली आणि १९९२ साली एन्रॉन कंपनी गुहागर तालुक्यात आली. १९९५ साली राज्य सरकारने करार मोडला, मग फिरून वाटाघाटी करून जोडला; २००१ साली वीज बंद पडली. परक्याचा हिस्सा किती टक्के होता, यावरून हा घोटाळा झाला नाही. वीज घेतली न घेतली तरी वीज मंडळाने मोठी रक्कम मोजावी, आणि तिचा भार डॉलरच्या भावाने चढावा, असा खरेदीचा करार होता. कायद्याने दार कितीही नीट बसवले, तरी आत बसून सही करणारा सावध नसेल तर उपयोग काय?

आणखी एक गोष्ट. विम्यातील परकी हिश्श्याची मर्यादा २६ वरून २०१५ साली ४९ झाली, २०२१ साली ७४ झाली. ती कायद्यातच लिहिलेली असल्यामुळे प्रत्येक वेळी संसदेत विधेयक आणून चर्चा करावी लागली. परंतु बहुतेक धंद्यांच्या मर्यादा सरकारी पत्रकांनी व नियमांनी बदलतात. बहुविध वस्तूंच्या किरकोळ दुकानदारीत ५१ टक्के परकी हिस्सा २०१२ साली असाच आला. दुकानांना परवानगी द्यायची की नाही, हे मात्र राज्यांवर सोपवले गेले आणि महाराष्ट्राने संमती दर्शवली. एप्रिल २०२० मध्ये, आपल्या सीमेला लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीला सरकारची पूर्वसंमती सक्तीची झाली, तीही प्रथम एका पत्रकानेच. पत्रकामुळे निर्णय त्वरित होतो, हा त्याचा गुण. आणि पेठेतल्या वाण्याला तो झाल्यावरच कळतो, हा त्याचा दोष.

मंडळी, टक्केवारी वाढली म्हणून देश विकला गेला नाही, आणि घटली म्हणून तो स्वावलंबीही झाला नाही. ट्रॉम्बेला आपण गरज ओळखून अटी घातल्या, काम शिकलो आणि पुढे मालक झालो. दाभोळला गरज खरी होती, पण अटी तपासल्या नाहीत. त्याचे ओझे जनतेच्या पैशावर पडले. यापुढे आपल्या जिल्ह्यात परकी कारखाना येईल तेव्हा नुसते ‘किती कोटी?’ असे विचारून थांबू नये. करार कोठे वाचायला मिळेल, तोटा कोणाच्या माथी जाईल आणि आपली मुले तेथे केवळ मजुरी करतील की कारागिरी शिकतील, हेही विचारावे. कायदा दिल्लीत होतो. तो राबतो आपल्या गावच्या जमिनीवर. म्हणून हे प्रश्न विचारण्याचा अधिकार आपला आहे, आणि ते आपले कर्तव्यही आहे.