सात ते साडेआठ



वाचनाचे फायदे सांगायला तुम्ही मला बोलावलंत. मुलांनी वाचावं, म्हाताऱ्यांनीही वाचावं, याला कुणाचीच ना नाही. म्हणून मी फायद्यांपेक्षा वेळेबद्दलच बोलते.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ साली गावाने ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाईल बंद. दीड तास अभ्यास, वाचन, आपसात बोलणं. कल्पना सरपंचांची, पण भोंगा घ्यायचं पक्कं झालं ते बायकांच्या सभेत. पुरुष मंडळी आधी का-कू करत होती. घरोघरी समजावत फिरणाऱ्यांत आशाताई होत्या, अंगणवाडीताई होत्या.

मला हे फार आवडलं. पण सात ते साडेआठ ही वेळ कसली? भाकरी थापायची. भोंग्याने टीव्ही बंद होतो, चूल थोडीच बंद होते! पोरं वाचतात, आजोबा पेपर उघडतात, आणि आई परातीपाशी.

साताऱ्याकडे पाचगणीजवळ भिलार आहे. ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’. लोकांनी आपल्या राहत्या घरांत पुस्तकांना जागा दिली, ही काही लहान गोष्ट नाही. तिथे जाणाऱ्या मैत्रिणींना मी एवढंच सांगते, पुस्तकं बघाच, पण घरातल्या बाईलाही विचारा, “यातलं तुम्ही काय वाचलंत?”

“आता या वयात काय वाचायचं?” असं बायका म्हणतात. सावित्रीबाई याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. १८४० साली लग्न झालं, अक्षरओळख त्यानंतरची. आणि १८४८ साली त्या पुण्यात मुलींना शिकवत होत्या.

आणि वाचायचं म्हणजे गोष्टींचीच पुस्तकं असं नाही. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ साली झाला, देशभर २००५ साली. तरी भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो, “ताई, इथं नुसती सही कर.” नुसती! कागद वाचूनही ती सही करील; माहेर तुटायची भीती काही कमी नसते. पण आपण काय सोडतोय ते तिला कळलेलं असेल. म्हणून आमच्या वाचनगटात आधी गोष्ट वाचतो, मग एखादा सातबारा. ज्यांना अक्षरं येत नाहीत त्या शेंगा फोडत ऐकतात, आणि सगळ्यात अवघड प्रश्न त्याच विचारतात. “माझं नाव इतर हक्कात का घातलं?” हा प्रश्न अशाच एका आजींचा. त्या दिवशी गोष्ट अर्धीच राहिली.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक न वाचलेला कागद आणायचा आहे. बैठक संध्याकाळी सातलाच ठेवू या. त्या दिवशी भाकरी कोण करणार, ते आजच घरी बोलून घ्या.