मेंढपाळाचा हिशेब

पुढारीपणाची पहिली कसोटी कोणती, असे विचारले तर कर्तबगारी, वक्तृत्व, संघटनचातुर्य अशी उत्तरे सामान्यतः मिळतात. ख्रिस्ती धर्माचे उत्तर निराळे आहे. ज्याच्या हाती माणसे सोपविली गेली, त्याच्याकडून त्या माणसांचा हिशेब मागितला जाणार आहे, ही जाणीव त्याच्या ठायी आहे की नाही, हीच तेथील पहिली कसोटी होय.

या विचाराचे मूळ यहुदी परंपरेत सापडते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बाबिलोनच्या बंदिवासात असलेल्या यहेज्केल या संदेष्ट्याने आपल्या राष्ट्राच्या पुढाऱ्यांना मेंढपाळ म्हणून संबोधिले आणि त्यांची कठोर निर्भर्त्सना केली. लोकर पांघरावी, पुष्ट मेंढरे कापून खावीत, आणि जखमी व हरवलेल्या मेंढरांकडे मात्र ढुंकूनही पाहू नये, असा त्यांचा व्यवहार होता.

हीच उपमा येशू ख्रिस्ताने स्वतःच्या आचरणाने पुढे नेली. याकोब आणि योहान या दोघा शिष्यांसाठी त्याच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागण्यात आल्या, तेव्हा ज्याला मोठे व्हायचे असेल त्याने सेवक व्हावे, असे त्याने बजावले. पुढे शेवटच्या भोजनाच्या रात्री कमरेला रुमाल बांधून त्याने शिष्यांचे पाय धुतले. त्या काळी हे काम घरच्या गुलामाचे. पेत्राला ते मुळीच रुचले नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पाय धुताना ख्रिस्ताने आपले गुरुपद नाकारले नाही. तुम्ही मला गुरू म्हणता ते योग्यच आहे, असेच तो म्हणाला. अधिकार टाकून देणे म्हणजे नम्रता नव्हे; अधिकार दुसऱ्याच्या कल्याणासाठी राबविणे म्हणजे नम्रता, हा त्या प्रसंगाचा अर्थ.

सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट याने या शिकवणीला नियमांचे रूप दिले. मठापुढे महत्त्वाचा प्रश्न उभा राहिला की मठाधिपतीने सर्वांना, अगदी धाकट्यालाही, बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे. निर्णय मात्र स्वतः घ्यावा आणि त्याचे उत्तर देवापुढे द्यावे, असे त्याने सांगितले. 590 साली पोपपदावर आलेल्या ग्रेगरीने धर्मगुरूंसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. एकच उपदेश सर्वांना लागू पडत नाही, हे त्याने विस्ताराने दाखविले. आणि अन्याय दिसत असता मौन पाळणारा धर्मगुरूही दोषीच ठरतो, असे बजावले. स्वतःला तो देवाच्या सेवकांचा सेवक म्हणवीत असे.

महाराष्ट्रात या शिकवणीचे उज्ज्वल उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो निराधार मुली-स्त्रिया आणल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना आश्रय दिला. पण केवळ अन्नवस्त्रावर त्या थांबल्या नाहीत. विणकाम, शेती, छपाई असे व्यवसाय शिकवून त्यांनी या स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे केले. अनुयायांना कायमचे परावलंबी न ठेवणे, ही खऱ्या नेतृत्वाची खूण त्यांच्या कार्यात स्पष्ट दिसते.

अर्थात ख्रिस्ती मंडळ्यांनी ही शिकवण नेहमीच पाळली, असे म्हणता येत नाही. इंग्लंडच्या चर्चशी संबंधित शिबिरांतील मुलांवर एका व्यक्तीने केलेल्या अत्याचारांची माहिती 2013 साली वरिष्ठांपर्यंत पोहोचली होती. तिचा पुरेसा पाठपुरावा झाला नाही, असा निष्कर्ष चौकशी अहवालात निघाल्यावर नोव्हेंबर 2024 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी पदत्यागाची घोषणा केली. अत्याचार त्यांनी केला नव्हता; हिशेब मात्र त्यांना द्यावा लागला. पीडितांच्या दृष्टीने तो फार उशिरा आला.

यहेज्केलाचा प्रश्न म्हणूनच जुना झालेला नाही. संस्थेची कीर्ती जपावी की कळपातील एका दुखावलेल्या जिवाची हाक ऐकावी, असा पेच जेव्हा पडतो, तेव्हाच पुढाऱ्याची परीक्षा होते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार त्या क्षणी कीर्तीकडे पाहणारा मेंढपाळ कळप आधीच गमावून बसलेला असतो.