झाडाखालचे जांब उचला

माय-बहिणींनो, जांब (पेरू) कसा लावायचा, हे हिंगोलीच्या बायकांना मी काय सांगणार? वसमत घ्या नाहीतर सेनगाव, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं एखादं झाड परसात असतंच. पुण्याच्या गणेशखिंडीत 1927 साली निवडलेला सरदार वाण, म्हणजे लखनौ-49, आता घरोघरी आलाय. तक्रार मात्र एकच. "फळं लई लागतात, पण आत अळ्या!"

अळ्या होणारच. पडलेलं फळ उचलतं कोण?

फळमाशी पिकायला आलेल्या जांबाला टोचून सालीखाली अंडी घालते. अळी गरावर पोसते, फळ गळतं, अळी मातीत शिरून कोष करते नि थोड्याच दिवसांत नवी माशी उडते. म्हणजे बघा, माशीचं बाळंतपण तुमच्या परसात! बाज तुमची, डिंकाचे लाडू तुमचे, न्हाऊमाखूही तुमच्याच खर्चानं. बरं, एकीवर भागत नाही. तिच्या लेकी येतात, लेकींच्या लेकी येतात, सगळ्यांचं माहेर एकच. ते मोडा की! सकाळी सडा टाकायच्या आधी पडलेली फळं वेचा आणि दोन फूट खोल पुरा. उकिरड्यावर टाकू नका. तिथं टाकलं तर माहेरचं घर तेवढं बदललं.

माशीच्या सापळ्याचं तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. पण मिथाईल युजेनॉलच्या सापळ्यात नरच अडकतात, लेकुरवाळ्या बाहेरच. म्हणून परत सांगते, फळं उचला.

पावसाळी जांब पाणचट, किडकाही तोच. मोठं झाड असेल तर उन्हाळ्यात मोरीचं पाणी दुसरीकडं वळवा, मृगात खत घाला, म्हणजे थंडीत गोड फळ मिळतं. जेली त्याचीच करावी. पिकलेल्यांत थोडे अर्धकच्चे घाला, त्यांनीच जेली धरते. चकत्या पाण्यात शिजवून फडक्यात बांधा, रस आपोआप गळू द्या. पिळलंत की गढूळ झालीच म्हणा. लिटरभर रसाला पाऊण किलो साखर, वर लिंबू. मग आटवताना चमचा तिरपा धरून बघायचं, थेंब एकेक न पडता...

वेळ संपल्याची खूण झाली. जांबाच्या बर्फीचं तर राहूनच गेलं. असू द्या, ते पुढं कधीतरी. उद्या सकाळी झाडाखाली वाका मात्र. माशीला कुंपण कळत नाही, तेव्हा शेजारणीलाही सोबत घ्या.