कडेवरचं नाव

जर्मन लष्करी अधिकाऱ्यांच्या जुन्या गणवेशांवरची चिन्हं जमवणारे लोक जगभर आहेत आणि त्यांची नजर फार बारीक असते. दुसऱ्या महायुद्धातली खांद्यावरची पट्टी हातात आली की ते आधी वेणी पाहतात. सरळ रुपेरी वेणी म्हणजे लेफ्टनंट ते कॅप्टन, पीळ घातलेली म्हणजे मेजर ते कर्नल, सोनेरी-रुपेरी गुंफण म्हणजे जनरल. मग खालच्या कापडाचा रंग : पांढरा पायदळाचा, लाल तोफखान्याचा, गुलाबी रणगाडा दलाचा. अधिकारी गणवेश बहुधा खासगी शिंप्यांकडून शिवून घेत, म्हणून एकाच हुद्द्याच्या पट्ट्यांतही फरक सापडतो. त्याचाच फायदा घेऊन नकली मालाने बाजार भरला आहे. स्वस्तिकाची नाझी चिन्हं जाहीरपणे मिरवायला खुद्द जर्मनीत कायद्याने बंदी आहे. अभ्यासासाठी ती जपावीत, पण दिवाणखान्यात शोभेला लावणं मला मुळीच मान्य नाही.

ही बारीक नजर आपण खानदेशात आपल्याच चिन्हांकडे वळवली नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

१८२५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जेम्स आउट्रम याने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. ज्यांना कंपनी सरकार लुटारू ठरवत होतं, त्यांच्याच अंगावर सरकारी गणवेश आला. १८९१ मध्ये ही पलटण पोलिसांत विलीन झाली. मधल्या काळात, ११ एप्रिल १८५८ रोजी, सातपुड्यात अंबापाणीला खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांचे भिल्ल इंग्रजी फौजेशी लढले. एकाच समाजाची माणसं सरकारच्या गणवेशातही होती आणि सरकारच्या विरोधातही. या पलटणीचा पट्टा किंवा बिल्ला कुठे मिळाला, तर तो हा सगळा पेच सोबत घेऊन येईल.

पलटणीच्या वस्तू दुर्मिळ. महायुद्धांची पदकं मात्र अजून घराघरांत सापडू शकतात. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल लढाऊ शिपायाला चांदीचं मिळे, तर मजूर आणि इतर बिगरलढाऊ माणसांना ब्राँझचं. त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज शिपायांना ताऱ्याच्या आकाराची पदकं सहसा नावाविना मिळाली, भारतीयांच्या ताऱ्यांवर मात्र नावं उमटवली गेली. बर्मा स्टार असो वा इटली स्टार, मागची बाजू पाहा.

पण चांदी ही चांदी. १९८० च्या सुरुवातीला जगभर तिचा भाव कडाडला, तेव्हा अशी असंख्य पदकं भट्टीत गेली. आपलं जळगाव तर सराफ्याचं गाव! अडचणीच्या वेळी घरातली चांदी मोडणाऱ्याला मी दोष देणार नाही. वजनाचे पैसे हाती येतात, नाव वितळून जातं. त्या शिपायाच्या नावाचा घरातला तो कदाचित एकमेव पुरावा असतो.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या कागदांसाठी गावोगावची दप्तरं पालथी घातली. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ त्याच गावात उभं राहिलं. कागदाचं मोल या प्रदेशाला कुणी नव्याने शिकवायला नको. तीच शिस्त पदकाला लावायची : कुणाचं, कुठल्या गावचं, कुणाकडून आलं, सोबत डिस्चार्जचा दाखला किंवा पेन्शनचं पुस्तक आहे का. एवढं लिहिलेलं नसेल, तर संग्राहकाच्या मखमली पेटीत पदक चकाकेल, पण मुकं राहील.

शंभर वर्षं उलटलेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येते आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या वयाची झाली आहेत. बाहेरचं गिऱ्हाईक दुप्पट दाम देतो म्हणालं, तरी हे ध्यानात ठेवा.

माझी विनंती एवढीच आहे. घरात असं पदक असेल तर आज रात्री भिंग घेऊन कडेवरचा मजकूर वाचा, जसाच्या तसा वहीत उतरवा आणि आजीला किंवा आजोबांना त्या माणसाबद्दल विचारून तेही खाली लिहा. विकायचंच ठरलं, तर ती वही पदकासोबत द्या आणि तिची एक प्रत घरी ठेवा.