जिप्समची कोरडी भिंत : बांधताना आणि मोडताना

(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. घर पाहावे मोडून, असे मात्र कोणी म्हणत नाही. वास्तविक बांधलेल्या घरातील एखादी तरी भिंत केव्हा ना केव्हा मोडावी लागतेच, आणि तिचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहतो.

काही वर्षांपूर्वी एका कचेरीचे नूतनीकरण माझ्या डोळ्यांसमोर झाले. जुने छत व आडभिंती यांचे पांढरे तक्ते फोडून, ओल्या कचऱ्यासह, गावाबाहेरच्या ओढ्याकाठी टाकण्यात आले. 'पांढरी मातीच ती,' असे मुकादम म्हणाला आणि मलाही ते पटले. पावसाळा सरल्यावर त्या ढिगाजवळून जाताना कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येऊ लागली. तिचे कारण शोधता शोधता मी या विषयाकडे वळलो.

दगडातील पाणी

जिप्सम आपल्याला अनोळखी नाही. चोपण जमीन सुधारण्यासाठी शेतकरी ते वापरतात. आपल्या देशात त्याचे सर्वांत मोठे साठे राजस्थानात आहेत; खतांच्या कारखान्यांत फॉस्फरिक आम्ल तयार करतानाही ते उपपदार्थ म्हणून निघते. या खनिजाच्या वजनाचा सुमारे एकपंचमांश भाग पाण्याचा असतो. ते तापविले की त्यातील सुमारे तीनचतुर्थांश पाणी निघून जाते आणि प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होते. त्यात पुन्हा पाणी मिसळले की ते घट्ट होऊन पूर्ववत जिप्सम बनते. हे चक्र पुनःपुन्हा फिरविता येते. पुनर्वापराचे सारे रहस्य या एका गुणधर्मात आहे.

न्यूयॉर्कच्या ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ मध्ये कागद व प्लास्टर यांच्या थरांच्या तक्त्याचे पेटंट मिळविले. आजचा तक्ता म्हणजे दोन जाड कागदांमध्ये घट्ट झालेले जिप्सम होय. पत्र्याच्या हलक्या चौकटीवर तो स्क्रूने बसवितात. ओला गिलावा नाही, म्हणून ही 'कोरडी भिंत'. साडेचार इंची विटांची, गिलावा केलेली भिंत चौरस मीटरला दोनशे किलोंहून अधिक भरते. ही सुमारे पंचवीस किलो भरते. त्यामुळे इमारतीवरील भार, तसेच पाणी व वाळू यांचा खर्च कमी होतो. आग लागल्यास जिप्सममधील पाणी वाफ होऊन निघते व ते संपेपर्यंत पलीकडची बाजू फारशी तापत नाही.

परंतु गुणांबरोबर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ही भिंत छताचा भार पेलत नाही. पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या बाजूस ती चालत नाही. कोकणातील दमट हवेत व न्हाणीघरात साध्या तक्त्याच्या कागदाला बुरशी लागते. जेथे चांगली माती वा विटा जवळच मिळतात, तेथे दूरवरून तक्ते आणणे म्हणजे पर्यावरणाची सेवा नव्हे.

दुर्गंधीचे कारण

आता त्या ओढ्याकाठच्या ढिगाकडे वळू. जिप्सम म्हणजे कॅल्शियमचे सल्फेट. ओलावा, कुजणारे पदार्थ आणि हवेचा अभाव ही तीन कारणे एकत्र आली की विशिष्ट जिवाणू या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार करतात. तो विषारी असून बंदिस्त जागी प्राणघातक ठरू शकतो. म्हणूनच कॅनडातील व्हँकूव्हर परिसरात १९८४ मध्ये जिप्समचे तक्ते कचराभूमीत टाकण्यास बंदी झाली आणि त्यांच्या पुनर्वापराचा उद्योग तेथे उभा राहिला. युरोपीय संघानेही डिसेंबर २००२ च्या निर्णयाने कुजणारा कचरा आणि जिप्सम एकाच ठिकाणी पुरण्यास मनाई केली.

दुसरा तोटा तितकाच महत्त्वाचा आहे. विटा व काँक्रीटच्या राडारोड्यापासून पुन्हा खडी व वाळू करता येते. परंतु त्यात जिप्समचा चुरा मिसळला, तर त्यातील सल्फेटमुळे नवे काँक्रीट फुगून तडकू शकते. थोड्या जिप्समने मोठा ढीग वाया जातो.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या नियमांनी मोठ्या बांधकामांवर काँक्रीट, माती, पोलाद, लाकूड व प्लॅस्टिक, विटा व मसाला अशा वर्गवारीचे बंधन घातले. जिप्समचा वेगळा नामनिर्देश या वर्गवारीत नव्हता. पुढे २०२५ मध्ये नवे नियम अधिसूचित होऊन १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरविण्यात आली. मोठ्या प्रकल्पांवर नियमांची नजर असते. दोन खोल्यांच्या दुरुस्तीवर नजर ठेवणे मात्र गावाच्याच हाती आहे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, खोलीची मापे तक्त्यांच्या मापाशी जुळवून घ्यावीत, म्हणजे तुकडेच कमी पडतील. तक्ते लाकडी पट्ट्यांवर, ताडपत्रीखाली कोरडे ठेवावेत. ते डिंकाने न चिकटविता स्क्रूने बसवावेत, म्हणजे उतरविताना चौकट व तक्ते दोन्ही वाचतात.

दुसरी गोष्ट, मोडतोडीच्या वेळी जिप्सम पहिल्याच दिवशी वेगळ्या पोत्यांत भरून छपराखाली ठेवावे. एकदा ते ओले होऊन मातीत मिसळले की निवडणे जवळजवळ अशक्य होते. स्वच्छ तुकडे तक्ते बनविणाऱ्यांकडे पोहोचले, तर कागद सोलून, जिप्सम दळून ते नव्या मालात मिसळता येते. हा चुरा परस्पर शेतात टाकू नये. त्यात रंग वा जलरोधक द्रव्ये असू शकतात. शिवाय मातीचे परीक्षण केल्यावाचून जिप्सम देऊच नये. जुन्या छतांत सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे सपाट पत्रेही आढळतात. शंका येताच काम थांबवून जाणकारास दाखवावे. ते फोडू नयेत.

तिसरी गोष्ट पंचायतीची. बांधकामाचा वा दुरुस्तीचा अर्ज येताच राडारोडा कोठे जाणार हे विचारावे. ओढा, तळे आणि गावाची कचऱ्याची जागा या तिन्ही ठिकाणी जिप्सम जाता कामा नये.

शिक्षक मित्रांना एक विनंती. प्लास्टर ऑफ पॅरिस वाटीत पाण्याशी कालवून ते घट्ट होताना वाटी बाहेरून कशी ऊबदार लागते, हे मुलांना दाखवावे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने याच प्लास्टरच्या गणेशमूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवून अमोनियम सल्फेट हे खत मिळविण्याची रीत दाखवून दिली आहे, हेही सांगावे. टाकाऊ मानलेल्या वस्तूचा असा उपयोग मुलांच्या ध्यानात राहील.

त्या मुकादमाला दोष देण्याचा अधिकार मला नाही, कारण त्या दिवशी मीही तेथे उभा होतो आणि गप्प होतो. आज आपणा सर्वांना ठाऊक झाले आहे. यापुढे आपल्या गावात पांढऱ्या तक्त्यांनी भरलेला ट्रॅक्टर ओढ्याकडे वळलेला दिसला, तर त्याला थांबविण्याची जबाबदारी आपली आहे.